विहिरीतला दम अंदमानात चालत नाही

अंदमानला जाऊन आलेला प्रत्येक जण 'स्कूबा केलं', म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली उतरलो, असं सांगतो. ती बहुतेक वेळा ट्रायल डाइव्ह असते. प्रशिक्षक मागून टाकी धरतो, आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा, मासे बघायचे, फोटो काढून घ्यायचे. ती वाईट नाही. माझ्या बायकोने तीच केली आणि माझ्यापेक्षा जास्त मजा घेतली. मी मात्र ओपन वॉटर कोर्सच्या मागे लागलो होतो. तो पास झाला की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येतं, आणि ते कार्ड जगात बहुतेक ठिकाणी चालतं. अमळनेरहून जाऊन हा कोर्स केलेलं कुणी मला भेटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोहण्याची भीती नव्हती. आमच्या पिढीतली पोरं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला डबा बांधायचा आणि काकाने वरून ढकलायचं. कोर्सला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं लागतं, वेळेची अट नसते. ते सहज जमलं. खरी अडचण पुढे होती, आणि ती त्याच विहिरीतून आली होती.

त्याआधी कागद. कोर्स घेणारे आधी आरोग्याचा फॉर्म पाठवतात. दमा, हृदय, कान, सायनस, चालू असलेली औषधं, सगळं विचारलेलं असतं. ठरावीक प्रश्नांना 'हो' आलं की डॉक्टरांची सही लागते. माझं सायनसचं जुनं दुखणं, त्यामुळे सही आलीच. ही सही घरूनच घेऊन निघा. बेटावर पोचल्यावर डॉक्टर शोधत फिरण्यात सुट्टी जाते. मी जळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, हसले, मग दुर्बीण कानाला लावून म्हणाले, "नाक दाबा, तोंड मिटा, हलकेच फुंका." पडदा हलताना दिसला, तेव्हा सही केली. सर्दी असेल तर उतरायचं नाही, हे त्यांनी वेगळं बजावलं. वडिलांचं मत वेगळंच होतं. "हाई कार्ड दखाडीसन कर्ज भेटी का?" एवढंच त्यांनी विचारलं.

प्रवासाचं थोडक्यात: भुसावळहून हावडा गाडी, कोलकात्याहून पोर्ट ब्लेअरचं विमान. शहराचं नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात. तिथून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, बोटीने दीड-दोन तास. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत अंधार. डाइव्हच्या बोटी म्हणूनच सकाळी लवकर सुटतात. खर्चाचा आकडा देत नाही, तो सीझनप्रमाणे हलतो. फोन करताना एवढं विचारा: गियरचं भाडं, सर्टिफिकेटची फी आणि बोट दरात धरली आहे की वेगळी, आणि एका प्रशिक्षकामागे शिकणारे किती.

थिअरी मोबाईलवर वाचायची असते. तिची लोकांना धास्ती वाटते, मला सगळ्यात सोपी गेली, कारण माझा धंदा ड्रिपचा, म्हणजे ठिबक सिंचनाचा. दहा मीटर हेड, म्हणजे पाण्याची तेवढी उंची, म्हणजे एक किलो प्रेशर, हे आमच्या फिटरलाही तोंडपाठ असतं. समुद्रातही तेच. वरच्या हवेचा एक आणि दर दहा मीटरला आणखी एक. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे फुग्यातली हवा निम्म्या जागेत बसणार. वीस मीटरवर तिप्पट, हवा एक तृतीयांश. यातून एक गोष्ट कळते, जी मला पुस्तकाआधीच खटकली होती. सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो. म्हणून कान दुखतात ते खोलात नाही, वरच्या तीन-चार मीटरमध्ये.

आता विहिरीचं. विहिरीत बुडी मारताना आपण छाती भरून दम धरतो, तळाची माती मुठीत घेतो आणि लाथ मारून सुसाट वर येतो. ज्याचा दम मोठा त्याला मान. स्कूबामध्ये या तिन्ही गोष्टी चुकीच्या. पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसं भरून दम धरला आणि तसाच वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. तळाला हात लावायचा नाही, तिथे काय बसलंय ते माहीत नसतं. आणि वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरच्या वर नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो.

डोक्याला हे पटलं. शरीराला पटेना. पहिला सराव किनाऱ्याजवळ, छातीभर पाण्यात गुडघ्यावर बसून. प्रशिक्षक तामिळ पोरगा, माझ्यापेक्षा बराच लहान, हिंदीत बोलायचा. काहीही नवीन करायला सांगितलं की मी आधी दम धरायचो. तो बोट हलवून बुडबुडे दाखवायचा: बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे तू श्वास घेत नाहीस. वर आल्यावर शांतपणे म्हणायचा, "भैया, साँस मत रोको." हे वाक्य मी इतकं ऐकलं की बायको जेवतानाही तेच म्हणायला लागली.

सगळ्यात जड गेलं ते मास्कमधलं पाणी काढणं. मास्क मुद्दाम पाण्याने भरायचा, मग वर बघत, मास्कची वरची कड दाबून नाकाने फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. ऐकायला दोन ओळींचं काम. पण नाकाला पाणी लागलं की माझं नाक आपोआप आत ओढायचं आणि खारं पाणी थेट घशात. एकदा रेग्युलेटरमध्येच, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या तोंडातल्या यंत्रातच, खोकलो. (खोकता येतं त्यात, उलटीसुद्धा करता येते, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते गमतीचं वाटलं होतं.) मग त्याने मास्क बाजूलाच ठेवायला लावला. स्नॉर्कल तोंडात, चेहरा पाण्यात, नाक उघडं, आणि फक्त तोंडाने श्वास. खोलीवर परतलो की बाथरूमच्या बादलीत तोंड घालून मी तेच करत बसायचो. नाक आणि तोंड वेगळं चालवता येतं हे शरीराला कळलं, आणि मग मास्क एका फुंकरीत रिकामा व्हायला लागला.

मास्क गळण्याला दुसरंही कारण होतं, मिशी. केसांवर सिलिकॉनची कड बसत नाही. प्रशिक्षक म्हणाला काढून टाका. आमच्याकडे वडील हयात असताना मिशी उतरवत नाहीत, हे त्या पोराला समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी नाकाखालची एक बारीक पट्टी तेवढी सफाचट केली. दिसायला वाईट, गळती बंद. मिशीवाल्यांनी हे घरूनच करून जावं.

कोर्समध्ये खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. पहिली नेमो रीफला, किनाऱ्यावरून चालत आत जात. उजवा कान अडला. अशा वेळी नाक दाबून जोर लावून फुंकायचं नाही; मीटरभर वर यायचं, पुन्हा हलकेच फुंकून बघायचं, मग उतरायचं. दुखायच्या आधीपासूनच दर अर्ध्या मीटरला फुंकत राहिलो तेव्हा पुढे कुरकुर झाली नाही. तिथल्या क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि ती मेली की तिचा नर मादी होतो. बायकोला ही माहिती फार आवडली.

पुढच्या डाइव्ह बोटीवरून. नावाडी करेन समाजाचे होते. त्यांच्या पूर्वजांना ब्रिटिशांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात आणून वसवलं. समुद्र त्यांना आमच्या शेतासारखा पाठ. खाली गेल्यावर मंगळग्रह मंदिरात बांधलेला मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसायला लागला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे टॉर्च मारला की दोरा पुन्हा लाल. प्रवाळ सगळीकडे रंगीत असेल असं धरून जाऊ नका. समुद्र तापल्यामुळे २०१० मध्ये अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. काही ठिकाणी नुसता करड्या तुकड्यांचा ढीग आहे, मधूनच नवं वाढतंय. पंचेचाळीस अंशात करपलेल्या केळीच्या बागा बघितलेल्या माणसाला ते काय आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

हवा मात्र माझी भराभर संपायची. टाकी २०० बारची (एक बार म्हणजे साधारण आमचं एक किलो प्रेशर), पन्नास उरले की वर असायचं. नवखा माणूस घाबरून लहान लहान श्वास घेतो आणि हात फार हलवतो, दोन्हीत हवा जाते. शेवटच्या डाइव्हला हात छातीशी बांधले, श्वास आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. श्वास घेतला की शरीर जरा वर येतं, सोडला की जरा खाली, पाय न हलवता. त्या दिवशी हवा दाखवणाऱ्या गेजवर पहिल्यांदाच माझ्या आधी जोडीदाराचा काटा खाली गेला.

परतीचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा: लागोपाठ डाइव्ह झाल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. तो वेळ आम्ही सेल्युलर जेलला दिला. सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत, पण अर्धा दिवस कमीच पडतो. शंख-प्रवाळ पिशवीत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

कार्डाला मुदत नसते, पण वर्षभर उतरलो नाही तर आधी रिफ्रेशर करायला सांगतात. ज्यांना अंदमान लांब पडतं त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पाणी अंदमानइतकं नितळ नसतं आणि पावसाळ्यात समुद्र बंद. मी मार्चच्या आत जायचं ठरवलंय, कारण एप्रिलपासून ड्रिपचा सीझन लागला की दुकान सोडता येत नाही.