हिरव्या दिव्याचा उलगडा: महामार्ग ४४ पूर्ण झाला

परवा दुपारी साडेतीन वाजता आमची इको (मारुतीची व्हॅन, जिच्यात आम्ही राहण्याची सोय करून घेतली आहे) पांढरकवड्याहून गावाच्या रस्त्याला लागली, तेव्हा दोन्ही टप्पे मिळून ७,३४० किलोमीटर झाले होते. बाहेर ४४ अंश तापमान होते, फ्रिज-पंखा चालविणाऱ्या बॅटरीच्या पेटीतील तापमापक ४७ दाखवीत होता आणि त्या भर उन्हातही बॅटरीत १८ अँपिअर जात होते. ही नोंद मुख्यतः त्या १८ अँपिअरविषयी आहे, कारण मार्च महिन्यात नेमक्या याच वेळी तो आकडा रोज शून्यावर येत होता आणि त्याचे कारण शोधण्यात माझा जवळजवळ महिना गेला.

मागील नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना बेत ठाऊक आहे. आमच्या शेतापासून काही अंतरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ दक्षिणेला कन्याकुमारी आणि उत्तरेला श्रीनगर गाठतो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले तरी आमच्याकडील जुनी माणसे त्याला अजूनही सात नंबरच म्हणतात. कापसाची शेवटची वेचणी उरकल्यावर घर ते कन्याकुमारी आणि परत हा पहिला टप्पा, आणि खरिपाच्या मशागतीला लागण्यापूर्वी घर ते श्रीनगर आणि परत हा दुसरा, अशी आखणी होती. सर्व मिळून ७५,००० रुपयांची मर्यादा मी आणि पत्नीने घालून घेतली होती.

२ मार्चला निघालो. पैनगंगेचा पूल ओलांडून तेलंगणात शिरेपर्यंत सगळे ठीक होते. पहिल्या रात्री हैदराबादच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम केला, आणि रात्री एकच्या सुमारास पंखा बंद पडला. बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट आहे, म्हणजे भरलेली असल्यास तिच्यात सुमारे १,२८० वॉट-तास असतात. आमचा फ्रिज, पंखा, दिवे आणि फोन मिळून दिवसरात्रीत साधारण ८३० वॉट-तास खर्च होतात. दिवसभर गाडी चालली, टपावर १६० वॉटचे पॅनल उन्हात होते आणि इंजिनाच्या बॅटरीतून या बॅटरीत वीज भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरचा दिवा दुपारभर हिरवा होता. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरली, असे चार्जरच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले आहे. तरीही रात्री बॅटरी रिकामी झाली.

पुढील चार दिवस हेच घडत राहिले. कुर्नूल, अनंतपूर आणि पुढे बंगळूरपर्यंत प्रत्येक दुपारी दिवा हिरवा होई आणि प्रत्येक रात्री पंखा थांबे. सर्वांत जीव मेटाकुटीला आणणारी गोष्ट ही होती की, संध्याकाळी मुक्कामाला पोहोचून मीटर लावून पाहिले की सर्व काही सुरळीत असे. इंजिन सुरू केले की १८ ते १९ अँपिअर जात. वाटेत दोन ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिशियनना दाखविले. दोघांनीही तपासून काहीच दोष नसल्याचे सांगितले आणि त्यांचे म्हणणे त्या क्षणी खरेही होते.

पहिला संशय वायरवर गेला आणि तो अगदी निराधार नव्हता. इंजिनाच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंत पाच मीटर जाणारी आणि पाच मीटर येणारी ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर मी ऑनलाइन मागविली होती. २२ अँपिअरला शुद्ध तांब्याच्या अशा वायरीत सुमारे ०.६८ व्होल्ट घट यायला हवी, माझ्या मीटरवर मात्र १.१ येत होती. बंगळूरला ब्लेडने टोक खरवडून पाहिले तेव्हा तांब्याच्या मुलाम्याखाली ॲल्युमिनियमचा पांढरा रंग दिसला. शुद्ध तांबे असे छापून हा माल सर्रास विकला जातो. माझे स्पष्ट मत आहे की वायर कधीही न पाहता घेऊ नये. नागपूरच्या इतवारीत दुकानदार वायर हातात देतो, तुम्ही ती खरवडून पाहू शकता आणि हातावर वजनही कळते. लग, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, बसवतानाही हातोडीने ठोकण्याऐवजी हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्यावेत. अर्धा तास भाड्याने क्रिम्पर मिळाला तरी पुरतो.

बंगळूरला १६ स्क्वेअरची खऱ्या तांब्याची वायर टाकली. घट ०.२५ व्होल्टवर आली आणि त्या रात्री मी निश्चिंत झोपलो. सेलम ओलांडून दिंडिगुलला पोहोचलो त्या रात्री पंखा पुन्हा थांबला. वायर सदोष होती आणि ती बदलणे गरजेचेच होते, पण मूळ दुखणे दुसरेच होते.

त्यानंतर मी चेसिसवरील अर्थिंगची जागा रंग खरवडून नवीन केली, पॅनलवरील धूळ रोज पुसली आणि एमपीपीटीची (पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या कंट्रोलरची) जोडणी उलटसुलट करून पाहिली. कन्याकुमारीला तीन सागर एकत्र येतात त्या ठिकाणी आम्ही दोघे पहाटे उभे होतो तेव्हाही माझ्या मनात तो हिरवा दिवाच होता, हे पत्नीने नंतर मला सांगितले आणि ते खरे आहे.

उलगडा तिनेच केला. परतताना निर्मलच्या पुढे एका कडुनिंबाखाली जेवणासाठी थांबलो होतो. तिने पाण्याची बाटली चालकाच्या सीटमागील बॅटरीच्या पेटीवर ठेवली होती. अर्ध्या तासाने ती उचलून म्हणाली, “अहो, हे पाणी त चहाले ठेवल्यासारखं तापलं. या पेटीच्या खालून झळ येऊन राह्यली.”

इकोचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते. हे मला अर्थातच ठाऊक होते, पण पेटीसाठी जागा निवडताना मी फक्त वायर आखूड राहील याचा विचार केला होता. घरी आल्यावर एप्रिलमध्ये वणीच्या आपल्या सहकाऱ्यांकडून तीन टोकांचा तापमापक आणला. एक टोक पेटीत, एक सीटखालच्या पत्र्यावर आणि एक बाहेर सावलीत लावून दुपारी दोन तास गाडी चालविली. बाहेर ४३ अंश होते आणि पेटीत ५७. गाडी थांबविल्यावर वीस मिनिटांत पेटीतील तापमान ६० वर गेले, कारण वाहणारा वारा थांबतो आणि इंजिनाची साठलेली उष्णता वर चढते. म्हणजे जेवणासाठी आम्ही जितका वेळ थांबत होतो तितकी बॅटरी अधिक तापत होती.

आता हिरव्या दिव्याचा अर्थ लागला. माझ्या बीएमएसची, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटची, चार्जिंगची मर्यादा ५५ अंश आहे. त्यापुढे तो चार्जिंगची वाट बंद करतो आणि तापमान ५० च्या खाली येईपर्यंत ती उघडत नाही. बॅटरीतून वीज बाहेर जाण्याची मर्यादा मात्र त्याहून वरची असल्यामुळे फ्रिज चालू राहतो आणि कोणाला शंकाही येत नाही. वाट बंद झाली की चार्जरमधून करंट वाहत नाही, त्याच्या टोकांवर त्याचाच स्वतःचा १४.४ व्होल्ट दिसतो, आणि व्होल्टेज चढले, करंट शून्य झाला, म्हणजे बॅटरी भरली असे समजून तो हिरवा दिवा लावतो. संध्याकाळपर्यंत पेटी थंड झालेली असे, म्हणून तपासणीत दोष सापडत नसे. यातून माझे एक मत पक्के झाले: ब्लूटूथ नसलेला बीएमएस घेऊन वाचविलेले हजार-बाराशे रुपये ही बचत नव्हे. ॲपवर चार्जिंग बंद असल्याची ओळ पहिल्याच दुपारी दिसली असती.

उपायात एक अडचण होती. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करणाऱ्या २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपण सारेच बॉडीला कापाकापी करण्याचे टाळतो. माझ्या गाडीतील सागवानी फळ्यांची बैठक, पेटी, सर्व काही नटबोल्ट सोडले की बाहेर येते. त्यामुळे पत्र्याला झरोका पाडणे शक्य नव्हते. मी पेटी मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर हलविली, तिच्याखाली ४० मिलिमीटर उंचीचे रबरी पाय दिले, खालून हवा आत घेणारा आणि वरून बाहेर टाकणारा असे संगणकातील १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसविले आणि ते ३८ अंशांना आपोआप सुरू होतील असा थर्मोस्टॅट लावला. सीटमागील जमिनीवर एसीच्या पाइपना गुंडाळतात तो नायट्राइल फोम अंथरला. घरची रुई पोत्यांनी पडलेली असल्यामुळे ती भरावी असे प्रथम मनात आले होते, परंतु बॅटरीजवळ पेट घेणारी वस्तू नको म्हणून तो विचार सोडला. वायर दीड मीटरने वाढली, घट ०.३३ व्होल्ट झाली आणि चार्जरला ती सहज चालते. बीएमएसही बदलला. साहित्याला एकूण ६,९०० रुपये लागले.

२० एप्रिलला उत्तरेकडे निघालो. देवलापार ते खवासा हा पेंचच्या जंगलातील भाग, जिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उचलून घेतला आहे, तो पहाटे पार केला. सागर, झाशी, ग्वाल्हेर या टापूत तापमान ४३ च्या आसपास होते आणि पेटी एकदाही ४९ च्या वर गेली नाही. झाशीच्या पुढे भर दुपारी दोन वाजता ॲपवर १९ अँपिअर पाहिले तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन पत्नीला तो आकडा दाखविला. त्या रात्री पंखा सकाळपर्यंत चालला आणि पहाटे बॅटरीत ५८ टक्के शिल्लक होते. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ओल्या पडद्याचाही त्यात वाटा आहे, कारण त्यामुळे पंखा मध्यम वेगावर पुरत होता.

जम्मूच्या पुढे ९.२८ किलोमीटरचा चेनानी–नाशरी बोगदा आणि नंतर ८.४५ किलोमीटरचा बनिहाल–काझीगुंड बोगदा लागतो. चढावर इको दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये संथपणे, पण न तापता चढली. श्रीनगरला तीन रात्री काढून परत फिरलो.

खर्चाचा हिशोब असा आहे. सरासरी १५.२ किलोमीटरने ४८३ लिटर पेट्रोलचे ४९,९०० रुपये झाले. फास्टॅगचा वार्षिक पास, जो १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी मिळू लागला, मी फेब्रुवारीत ३,००० रुपयांत घेतला. २०० फेऱ्यांपैकी १२१ वापरल्या गेल्या. राज्यांच्या स्वतःच्या टोलनाक्यांवर तो चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्वारीचे पीठ आणि तुरीची डाळ घरची होती आणि स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर गाडीबाहेर होत असे, त्यामुळे खाण्याचे व गॅसचे १०,८०० भागले. चाळीस रात्रींपैकी अकरा रात्री धर्मशाळांत किंवा लॉजवर काढल्या, त्याचे ४,६५०. साहित्य धरून बेरीज ७५,२५० होते, म्हणजे मर्यादेपेक्षा २५० रुपये अधिक.

पुढचा बेत हजिरा ते पारादीप, म्हणजे अकोला, अमरावती, नागपूरवरून जाणारा महामार्ग ५३, आणि त्यासाठी टपावर दुसरे पॅनल असा होता. परंतु वरचा मजकूर लिहिताना एक विचार सुचला आणि तो मला सोडवत नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज करू नये, याच कारणासाठी मी लडाखचा विषय दोन वर्षे बाजूला ठेवला होता, कारण तापविणाऱ्या पॅडची वीज आणि खर्च दोन्ही जड वाटत होते. आता मात्र गाडीत एक जागा अशी आहे जी, खालचा फोम काढला की, इंजिन चालू असेपर्यंत बाहेरच्यापेक्षा चौदा अंशांनी गरम राहते, आणि ती कुठे आहे हे मी अंशाअंशाने मोजलेले आहे. पेटी तेरा किलोची आहे आणि चार बोल्टवर सुटते. सीटमागे जुने बोल्ट तसेच आहेत, तेथे फक्त अँडरसन कनेक्टरची (हाताने जोडता-सोडता येणाऱ्या जाड प्लगची) दुसरी जोडी हवी, म्हणजे उन्हाळ्यात पेटी मागे आणि थंडीत पुढे बसविता येईल. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ती जागाही गार असेल, तेव्हा पहिला तासभर चार्जर बंद ठेवून पेटी पाच अंशांवर आल्यावरच तो सुरू व्हावा यासाठी थर्मोस्टॅट पाच अंशांवर लावावा लागेल.

त्यामुळे दुसऱ्या पॅनलचे पैसे तूर्त राखून ठेवले आहेत. कनेक्टर आणि दोन मीटर वायर इतवारीतून पुढील आठवड्यात आणतो, पेरणी होण्यापूर्वी सीटमागची जोडणी पूर्ण करतो, आणि पिकाने साथ दिली तर सप्टेंबरच्या शेवटी श्रीनगरवरून झोजीलामार्गे लेहला निघतो. ज्यांनी तेथे हिवाळ्याच्या तोंडावर लिथियम बॅटरी वापरली आहे, त्यांनी सकाळचे पेटीतील तापमान मोजले असल्यास ते आकडे मला अवश्य कळवावेत.