पाणी कुठपर्यंत आलंय?

मंगळवार, रात्री

कंपनीत आज दुपारी 'माइंडसेट'वर सत्र होतं. ऑडिट नुकतंच आटोपलेलं, म्हणून आम्हा अकाउंट्सवाल्यांनाही नेऊन बसवलं. बोलणारा मुलगा तिशीतला, चुणचुणीत. परिस्थिती स्वीकारा, कुरकुर सोडा, दृष्टिकोन बदला, हसत राहा. माझ्या शेजारी डिस्पॅचचे काका बसले होते. त्यांचा ओव्हरटाइम कधीचा अडकलाय. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच. का, ते त्यांनाच ठाऊक.

हा विषय मला नावडता मुळीच नाही. उलट गेली काही वर्षं त्यातलं जे हाताला लागेल ते वाचत आलेय. अल्बर्ट एलिस हा मानसशास्त्रज्ञ तर मला फारच आवडतो. 1955 च्या सुमारास त्याने जी पद्धत मांडली, तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. त्याचं म्हणणं साधं आहे. माणसाला इच्छा असण्यात काही बिघडत नाही, बिघडतं ते इच्छेची मागणी झाली की. मला जमायलाच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीट वागायलाच पाहिजे, सगळं सुरळीत चालायलाच पाहिजे. हा 'च' उतरवला की डोकं बऱ्यापैकी हलकं होतं, हा माझाही अनुभव.

याच एलिसला तरुणपणी बायकांशी बोलायची भयंकर भीती. एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलत सुटला. शंभरजणींशी बोलला म्हणे. भेटायला कबूल झाली एकच, आणि तीही आली नाही. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. भीती नेमकी केवढी आहे ते त्याने जाऊन मोजून आणलं.

सत्रात हे मोजण्याचं कुठे आलंच नाही. थेट स्वीकारावर उडी.

घरी आले तर आई, म्हणजे सासूबाई, गॅलरीत. "अगं, पाणी सोडलं का?"

बुधवार

काल लिहिता लिहिता झोप लागली. आज पुढचं.

आमचं घर पंचवटीत, दुकान भांडी बाजारात. आधी नाना, म्हणजे सासरे, बसायचे, आता हे बसतात. तांब्याचे बंब, पितळी पातेली, समया, कळशा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की नानांचा चेहरा जराही बदलायचा नाही. एवढं का सोडलं, आधीपासून थोडं थोडं सोडायला काय झालं होतं, हे सगळं ते बोलायचे, पण दिवाळीला. त्या वेळी दोनच प्रश्न. होळकर पुलाखालून किती क्युसेक? आणि मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?

मारुती म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या. नाशिककराला हे सांगायला नको, पण बाहेरच्या कुणी वाचलं तर असू दे. गोदेच्या पात्रातच तो उभा आहे आणि गावाची पूर मोजायची पट्टी तोच. गुडघ्याला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. कमरेला आलं की नाना गड्याला हाक मारायचे आणि खालच्या फळीवरचा माल माळ्यावर जायला लागायचा. आधी कागदाची खोकी, मग लाकडी मूठ असलेली भांडी, पितळ सगळ्यात शेवटी, कारण पितळ धुऊन घेता येतं. छातीपर्यंत आलं की शटर खाली आणि सगळे घरी. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पूर्ण पाण्याखाली गेला. तेव्हा नाना नव्हते, पण मालाचा क्रम ह्यांना पाठ होता.

माझ्या लेखी स्वीकार तो एवढाच. पाणी यायला नको होतं, ही चर्चा बाजूला ठेवून ते कुठपर्यंत आलंय ते बघणं. आणि बघून झाल्यावर गप्प बसायचं नाही, माल उचलायचा. सत्रातल्या मुलाने पहिलं अर्धं सांगितलं. तेही न बघताच स्वीकारा, असं.

गुरुवार

आईंचं लिहायचं म्हणते आणि टाळते.

दोनेक वर्षांपासून विसरणं वाढलंय. आधी चष्मा, किल्ल्या, मग गॅसवरचं दूध, मग शेजारच्या काकूंचं नाव. आता अधूनमधून त्या 1969 च्या पुरात असतात. त्यांनी तो पाहिलेला, नवी नवरी असताना. "मारुती बुडाला का गं? ह्यांना सांग, दुकानातून निघा." बाहेर रणरणतं ऊन असतं, नानांच्या फोटोला हार असतो.

आल्यागेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, वय झालंय, चालायचंच. मामेसासरे म्हणाले, चुलत जाऊ म्हणाली, देवळात भेटणाऱ्या बायका म्हणाल्या. बोलण्यात माया होती, नाही असं नाही. पण कुणी मोजायला तयार नव्हतं. मला या 'चालायचंच'चा फार राग येतो. दिसायला तो स्वीकारासारखाच दिसतो, तसाच शांत, तसाच समजूतदार. फरक इतकाच की मारुतीकडे पाठ करून बसलेला असतो.

ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्यात आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि बी-12. म्हणाले, म्हातारपणीचं प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नसतं. थायरॉइड मंदावलं, बी-12 उतरलं, कानाला ऐकू येईनासं झालं, मन खचलं, तरी माणूस असाच हरवल्यासारखा वागतो, आणि यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. जन्मभर शाकाहारी माणसात बी-12 ची कमतरता तर फारच दिसते. आईंचं निघालंच कमी. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा 200 च्या आसपास छापलेली, आईंचा आकडा 120. इंजेक्शनं सुरू झाली. हातापायांच्या मुंग्या गेल्या, चालणं सावरलं, सकाळचा वेळ पुष्कळ बरा जातो. काकूंचं नाव परत आलं. बाकीचं मात्र राहिलंच. स्मरणशक्तीची चाचणी, मेंदूचं स्कॅन झालं आणि डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, मागे नेता येणार नाही, सांभाळता येईल.

म्हणजे आता माहीत आहे, कुठपर्यंत आलंय.

हे कळल्यावर माझा तो 'च' आपोआप ढिला झाला. आईंना आठवायलाच पाहिजे, असं मनात धरून मी दिवसभर त्यांना सुधारत बसायचे. नाही आई, नाना गेले, पूर नाही, आज गुरुवार आहे. त्या रडवेल्या व्हायच्या, मी वैतागायचे. डॉक्टरांनीच सांगितलं, वाद घालू नका, भीती ओळखा. तर आता त्या म्हणाल्या, "पाणी सोडलं का?" की मी म्हणते, "सोडलंय थोडं. माल वर ठेवलाय सगळा." लगेच दुसरा प्रश्न येतो, "समया?" "समया पण." मग त्या पाटावर बसून लसूण सोलायला घेतात. बोटं अजून पक्की आहेत, एकेक पाकळी चिमटीत धरून अख्खी बाहेर काढतात, सालाचा तुकडाही चिकटलेला राहत नाही. मला इतका स्वच्छ लसूण कधी सोलता आला नाही.

याला काही लोक खोटं बोलणं म्हणतील. म्हणोत.

शनिवार

काका कँटीनमध्ये भेटले. ओव्हरटाइमचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, स्वीकारलं." मी म्हटलं, तुमचे तास किती, दर किती, लेखी आहे का कुठे? खिशातून चतकोर वही काढली त्यांनी, तारीखवार सगळं टिपलेलं. सोमवारी ती वही घेऊन दोघं एचआरकडे जाणार आहोत. मिळेल की नाही सांगता येत नाही.

रविवार

पुण्याहून नणंदेचा फोन. अर्धा तास बोलल्या. त्यांच्याकडेही असंच काही शिबिर झालंय वाटतं, कारण बोलण्यात स्वीकार, सकारात्मकता, सोडून देणं हे सारखं येत होतं. "तू फार मनाला लावून घेतेस बघ. आईचं वय झालं, हे स्वीकार आता."

माझं एक ठाम मत होत चाललंय. हे शब्द माणसाने स्वतःलाच सांगावेत. दुसऱ्याच्या दुकानात पाणी शिरलेलं असताना रस्त्यावरून सांगायला जाऊ नये. पण ताईंना हे कसं सांगणार, मोठ्या आहेत. आणि मायलेकीचं नातं आहे, त्यांचं त्यांनाही दुखत असणारच.

म्हणून इतकंच म्हटलं, "ताई, स्वीकारलंय. डॉक्टर म्हणतात आईंची जागा बदलू नका, नव्या घरात त्या जास्त गोंधळतील. तेव्हा तुम्हीच दिवाळीनंतर महिनाभर इकडे येऊन राहा. मला रात्रीची झोप मिळेल, ह्यांनाही दुकानात नीट लक्ष देता येईल."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, महिना जरा जास्त होतो गं, पंधरा दिवस बघते.

पंधरा तर पंधरा. तारखा आत्ताच मागून घेतल्या आणि कॅलेंडरवर लिहून टाकल्या.