परत पाठवलेल्यांची वही

पुण्यात रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या एका लहानशा स्वयंसेवी संस्थेत मी गेली काही वर्षे काम करतो आहे. आमच्याकडे न चुकता येणारे रक्तदाते बहुतेक चाळिशी ओलांडलेले आहेत. वयाच्या ६५ वर्षांनंतर रक्त देता येत नाही, त्यामुळे त्यांच्या मागून कोण येणार ही काळजी आमच्या प्रत्येक बैठकीत निघत असे आणि दर वेळी तिचा शेवट नव्या पोस्टरवर होत असे. गेल्या वर्षी मात्र आम्ही ठरवले, की पोस्टर राहू दे, आधी तरुण मुलामुलींना नीट विचारू.

पहिला प्रयत्न फसला. आम्ही एक गुगल फॉर्म फिरवला आणि त्यात सरळ विचारले, ‘तुम्ही रक्तदान का करत नाही?’ वेळ मिळत नाही, सुईची भीती वाटते, कोणी बोलावले नाही, अशी उत्तरे आली. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण न केलेल्या गोष्टीचे कारण विचारले, की माणूस चटकन सुचेल आणि चारचौघांत शोभेल ते सांगून मोकळा होतो, आणि तेवढ्यावर काही उभे करता येत नाही. मग आम्ही प्रश्नच बदलला. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर, चहाच्या टपरीवर बसून आम्ही एकेकाला विचारू लागलो, ‘शिबिरात शेवटचे कधी गेला होतात? त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते सांगा.’

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीने सांगितलेला दिवस माझ्या मनातून अजून जात नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मैत्रिणींबरोबर रांगेत उभी राहिली होती. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडला गेला. हे द्रावण मोरचुदाचे असते. थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आहे असे धरतात. तिचा थेंब तरंगत राहिला. टेबलापलीकडून कोणीतरी म्हणाले, ‘तुमचं नाही होणार, पुढचे या.’ मैत्रिणी आत गेल्या, ही बाहेर बाकावर बसून राहिली. ‘माझ्यातच रक्त कमी आहे, मी काय देणार?’ हे वाक्य तिने त्या दिवशी स्वतःशी म्हटले आणि त्यानंतर चार वर्षे तिने कोणत्याही शिबिराकडे पाहिले नाही. ते शिबिर आमचे नव्हते, पण आमच्या टेबलावरही हेच आणि याच स्वरात बोलले जात होते, हे मला ठाऊक आहे.

तिला कोणी दोन मिनिटे थांबवून सांगायला हवे होते, की स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय मानतात. म्हणजे १२ आणि १२.५ यांच्या मध्ये असलेली मुलगी आजारी नसते, फक्त त्या दिवशी रक्त देऊ शकत नाही. आणि खरोखरच १२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवून उपचार घ्यायला हवेत, हे तर अधिकच आवर्जून सांगायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे रांगेतून परत जाणाऱ्या मुली अपवाद नाहीत. एकामागून एक मुलाखतीत तीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ लागली, तेव्हा आम्ही आमचे जुने अहवाल काढले. जमलेल्या पिशव्यांची संख्या प्रत्येक अहवालात ठळक होती. परत पाठवलेल्यांचा एक आकडा खाली कोपऱ्यात होता, आणि ही माणसे कोण, ती पुन्हा आली का, याची कुठेही नोंद नव्हती. जे आपणहून रांगेत उभे राहिले होते त्यांनाच आम्ही हरवले होते आणि नवे तरुण शोधत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. एप्रिल-मे महिन्यांत राज्यात रक्ताचा तुटवडा नेहमीचाच, कारण महाविद्यालये बंद असतात आणि आमच्यासारख्या संस्थांची बहुतेक शिबिरे तिथेच होतात. हिवाळ्यात घेतलेले रक्त उन्हाळ्यासाठी साठवता येत नाही, कारण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. पण अभ्यासिकेतली मुले मे महिन्यात गावी जात नाहीत! परीक्षा तोंडावर असली तर ती येणार नाहीत, आणि त्यांनी यावे असा आग्रहही धरू नये; मात्र परीक्षा झाल्यावर दोन-चार दिवसांनी आनंदाने येऊ, असे अनेकांनी सांगितले. सकाळी नऊची वेळ त्यांना अडचणीची होती. बरीच मुले दुपारी मेसमध्येच पहिले जेवण घेतात आणि उपाशीपोटी रक्त देणे योग्य नाही. आम्ही वेळ दुपारी चारची केली. भेटवस्तूंविषयी कोणी फारसे बोलले नाही.

आता शिबिरात एक वेगळी वही असते. ज्याला परत पाठवावे लागते त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवून कारण समजावून सांगतो, आणि त्याची संमती असेल तरच नाव आणि फोन लिहून घेतो. ही आरोग्याची माहिती आहे, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात जाता कामा नये. तीन महिन्यांनी आमच्यातली एक स्वयंसेविका फोन करते. ती रक्तदानाविषयी आधी काही विचारत नाही. ‘तब्येत कशी आहे, तपासणी केलीत का?’ एवढेच विचारते. पहिल्या वहीतली काही पाने भरली आहेत, आणि काही नावांपुढे दुसरी तारीख पडली आहे.