दहा बोटे आणि 1024 कप्पे
लहानपणी आजी आमच्या बोटांवरची शंख-चक्रे मोजून भविष्य सांगत असे. त्याच चक्रांच्या मोजणीवर पोलिसांची दप्तरे उभी राहिली, हे मला फार उशिरा कळले. कलकत्त्यात 1897 साली अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले, तेव्हा बोटांचे ठसे घेणे सोपे होते, पण ठसे उमटवलेल्या हजारो पत्रिकांमधून नेमकी पत्रिका शोधणे अवघड होते. तिथले पोलीस कर्मचारी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवलेल्या पद्धतीत दहा बोटांच्या पाच जोड्या करून, चक्र आढळलेल्या बोटाला त्याच्या जोडीनुसार 16, 8, 4, 2 किंवा 1 असे गुण दिले जात, आणि त्यांच्या बेरजांवरून पत्रिका 1024 कप्प्यांपैकी एकात जाई. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे मिळाले, ते मला अजूनही खटकते.

आता 2022 मध्ये आलेल्या ‘नाफिस’ या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत अटक झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो. त्याच वर्षीच्या कायद्यानुसार अशा नोंदी 75 वर्षे जपल्या जातात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास त्या नष्ट करण्याची तरतूद आहे, परंतु न्यायालय त्या राखून ठेवण्याचा आदेश देऊ शकते, आणि माझे लक्ष त्या अपवादापाशीच अडते.