साम्रदहून अँटेना दीर्घिका

गुढीपाडव्याच्या आधीची अमावास्या गाठून दुर्बिणीतून फोटो काढायला भंडारदऱ्याजवळच्या साम्रदला गेलो. सांदण दरीसाठी इथे झुंबड उडते, रात्री मान वर करणारे मोजकेच. इंधन घोटीलाच भरून घ्या.

दीर्घिकांच्या धडकेचे फोटो म्हटलं की सगळे आधी एम ५१ च्या, म्हणजे व्हर्लपूल दीर्घिकेच्या मागे लागतात. देखणी आहेच ती. पण हस्त नक्षत्रातल्या एनजीसी ४०३८ आणि ४०३९, म्हणजे एकमेकींवर आदळणारी अँटेना ही जोडी, लंडनहून जेमतेम २० अंश वर येतात; आपल्याकडे ५२. ही आयती उंची का सोडायची? हस्ताच्या चौकोनातला वायव्येकडचा तारा धरा आणि साधारण साडेतीन अंश पश्चिमेला, किंचित दक्षिणेला सरका.

जागा मात्र दिवसाउजेडी ठरवा. दक्षिण मोकळी हवीच, पण ध्रुवही इथे साडेएकोणीस अंशांवरच असतो. उत्तरेला घर किंवा डोंगराचा खांदा आडवा आला की पोलर अलाइनमेंट, म्हणजे दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं, बोंबललं. संध्याकाळी खालच्या वावरात राब भाजत होते, धूर नऊपर्यंत रेंगाळला. एप्रिलमध्ये हा त्रास वाढतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च बरा.

"मावशी, अंगणातला दिवा पहाटेपर्यंत बंद ठेवला तर चालेल का?"
"ठेवा की. पण बॅटरी घेऊन फिरा, विंचू निघतात."

बॅटरी लाल उजेडाची न्या, आणि बूट घाला.

८ इंची न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) ३ मिनिटांच्या पहिल्याच फ्रेममध्ये एकमेकांत रुतलेले दोन गाभे आले, पत्त्यातल्या बदामासारखे. धडकेत बाहेर ओढल्या गेलेल्या ताऱ्यांच्या लांब शेपट्यांचा मात्र पत्ता नाही! त्या इतक्या अंधूक की चारेक तासांचं स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकत्र रचणं) केल्याशिवाय नीट उमटत नाहीत. अशा शेपट्या नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने निघू शकतात, हे अलार आणि युरी टूमरे या शास्त्रज्ञ बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं. तोवर अनेकांना ते पटत नव्हतं. आपल्या लॅपटॉपवर ती धूसर रेघ उगवते तेव्हा मजा येते ती याचमुळे.

२५ मार्चच्या सुमारास ही जोडी साडेनऊ ते साडेतीन ३० अंशांच्या वर असते. साडेबाराच्या सुमारास मेरिडियन फ्लिप येतो, म्हणजे जोडी दक्षिणोत्तर रेषा ओलांडते आणि दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते. तेव्हा झोपू नका, केबल अडकतात. साडेतीननंतर एम ५१ कडे वळा, ती अजून उंच असते. फ्लॅट्स (फोटोतली धूळ आणि कडांचा काळोख घालवायला लागणाऱ्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) उजाडताना घ्या, नळीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून, सूर्य वर यायच्या आत.