दगडांच्या मागे नागपूर : हिवाळ्याचा अपडेट

मंडळी, या सिझनला फिरायची पद्धतच बदलून टाकली आपण. आधी एखाद्या रविवारी म्युझियम, एखाद्या रविवारी बगिचा असं चालायचं, आता दोघांची जोडी लावतो. म्हणजे सकाळी काचेमागे जे पाहिलं त्याचं मूळ ठिकाण किंवा त्याचा भाऊबंद संध्याकाळी उघड्यावर जाऊन शोधायचा. आणि विषय एकच, दगड. घरचे म्हणून राहिले की याला आता काय नवीन लागलं, पण नागपूरएवढं सोयीचं शहर या नादासाठी दुसरं नसेल, कारण शहराचा पश्चिमेचा भाग काळ्या बसाल्टवर, म्हणजे थंड होऊन घट्ट झालेल्या लाव्ह्यावर, आणि पूर्वेचा त्याहून कितीतरी जुन्या खडकावर, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची कडच आपल्या गावातून जाते. सीताबर्डीची टेकडी अन् सेमिनरी हिल्स हे सगळं त्या लाव्ह्याचंच.

सुरुवात अर्थात अजब बंगल्यापासून. मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं तर रिक्षावाला दोनदा विचारतो, अजब बंगला म्हटलं की बस म्हणतो. 1863 चं आहे, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता तेव्हाचं. आपण सगळे शाळेच्या सहलीत भुसा भरलेले प्राणी पाहून बाहेर पडलेलो, त्यामुळे शिल्पं आणि शिलालेखांकडे कोणी फिरकत नाही, माझं तर म्हणणं आहे प्राणी शेवटी पाहा. इथली नागपूर प्रशस्ती (राजांचं कौतुक अन् वंशावळ सांगणारा लेख) म्हणून जो कोरीव दगड ओळखला जातो तो माळव्याच्या परमार राजांचा, नरवर्म्याच्या काळचा, 1104 च्या आसपासचा. माळव्याच्या राजांची वंशावळ नागपूरच्या नावानं ओळखली जाते हे मला भारी वाटतं.

दगडातून थोडं तांब्याकडे घसरलो तेही सांगतो. गुंगेरियाचा साठा ऐकला असेल, 1870 ला बालाघाट जिल्ह्यात सापडला, 424 तांब्याच्या वस्तू, बहुतेक कुऱ्हाडी, आणि सोबत चांदीचे 102 पातळ पत्रे, त्यातले काही चक्क शिंगं खाली वळलेल्या बैलाच्या तोंडासारखे. त्यातला काही भाग नागपूरच्या संग्रहात, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. तांब्याच्या ढिगात चांदी काहून ठेवली असेल यावर डोकं खाऊन राहिलो मी, कोणाकडे चांगलं वाचायला असेल तर द्या.

आता खरी मजा, टाकळी. हव, आपली पोलीस लाईन टाकळीच. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते पण दगडांचे पक्के नादी, त्यांनी आणि त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा करून लंडनच्या जर्नलमध्ये छापले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर येऊन थंड झाला की पुढचा यायच्या आधी मधे बराच काळ जायचा, तेवढ्यात तळी साचायची, त्यात गोगलगायी, काठाला झाडं, किडे, मग वरून पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. त्या दोन थरांच्या मधल्या गाळात टाकळीला गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळं, बिया, किड्यांचे पंखसुद्धा सापडले. हिस्लोपाइट म्हणून हिरवट कॅल्साइट, म्हणजे एक खनिज, आहे तोही यांच्याच नावाचा. हे कळल्यापासून सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनमध्ये लोक सेल्फी काढतात आणि मी रस्त्याच्या कापलेल्या कडेला डोळे लावून चालतो, बायको चार पावलं पुढे.

हिस्लॉपचा शेवटही दगडांच्याच नादात झाला बिचाऱ्याचा, 1863 च्या सप्टेंबरमध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती गोल मांडलेले दगड, पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. ज्या वर्षी अजब बंगला झाला त्याच वर्षी.

तिकडून धागा थेट जुनापाणीला. काटोल रोडला आहे, गोरेवाडा ओलांडून पुढे. शेतं, झुडपं आणि मधेमधे मोठ्या दगडांची गोलाकार रचना, सगळी मिळून तीनशेच्या आसपास वर्तुळं, लोहयुगातली दफनं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 मध्ये याबद्दल लिहिलं, नंतर 1961-62 ला पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. काही दगडांवर छोटे वाटीसारखे खळगे ओळीत कोरलेले आहेत, दुपारी बारा वाजता काही दिसत नाही, ऊन तिरपं असताना जा म्हणजे सावलीनं उठून दिसतात. आणि प्लीज, दगड हलवू नका, वर चढून फोटो नको, संरक्षित जागा आहे.

बाकी किरकोळ. झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे पाहिले, 1907 चा आहे, जमीन मोजणाऱ्या सर्वेवाल्यांचा. भारताचा मध्यबिंदू हाच का यावर भांडायची इच्छा नाही, मी फक्त दगड पाहायला गेलो होतो. नॅरोगेज रेल म्युझियम दगडात बसत नाही पण कडबी चौकाला मेट्रोनं उतरा आणि जाऊन या, 762 मिलिमीटरच्या रुळावरची इंजिनं जवळून पाहायला मिळतात, पोरं खूश. रमण विज्ञान केंद्र पुढच्या वेळी, गांधीसागरच्या चकरेसोबत.

नव्या लोकांसाठी, सोमवारी अजब बंगला आणि महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय दोन्ही बंद, मग केपीचे (कस्तुरचंद पार्कचे) तर्री पोहे खाऊन परत यायचं. रमण विज्ञान केंद्र सोमवारी चालू असतं.

आता यादीत मोठं राहिलं ते सीताबर्डीचा किल्ला. इंग्रज अन् भोसल्यांची 1817 ची लढाई सगळ्यांना माहीत आहे, मला त्या टेकडीचा खडक पाहायचा आहे. लष्कराकडे असल्यामुळे एरवी आत जाता येत नाही, 26 जानेवारीला उघडतात. कोणी येणार असेल तर सांगा, गर्दी व्हायच्या आधी सकाळीच जाऊ.