आमची वाटचाल : बंद कारखान्यांतून कलावर्गांकडे

सुरुवातीला आमच्याकडे जुन्या कारखान्यांच्या दुरुस्तीचीच कामं यायची. गळकी छपरं, सुटलेला गिलावा, छप्पर पेलणाऱ्या गंजलेल्या कैच्या. कलाशिक्षण आमच्या गावीही नव्हतं. मग एका कलासंस्थेने बंद पडलेली विणकाम शेड घेतली आणि ते काम आमच्याकडे आलं.

छप्पर नॉर्थ लाइटचं होतं, करवतीच्या दात्यांसारखं. उत्तर गोलार्धात अशा छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, त्यामुळे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. विणकरासाठी केलेली ही सोय चित्रकाराला जशीच्या तशी हवी असते. आम्ही तडकलेल्या काचा बदलल्या, बाकीच्या धुतल्या. छपराला याहून जास्त हात लावला नाही, याचं आजही समाधान वाटतं.

तेव्हापासून इमारत काय देते ते आधी पाहायचं आणि मग वर्ग कुठे ते ठरवायचं, हीच आमची पद्धत. यंत्रांचं वजन पेललेल्या तळमजल्यावर शिल्पाचे दगड, छापयंत्रं, मातीकामाच्या भट्ट्या. नृत्याला मात्र काँक्रीट चालत नाही, पाय दुखावतात. तिथे खाली लवचीक आधार देऊन लाकडी जमीन करावीच लागते. उंच शेडमध्ये आवाज घुमतो, म्हणून संगीतासाठी खोलीत वेगळी खोली.

तपासणीला आम्ही भरपूर वेळ देतो. काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारतो. गुलाबी झालं तर आतल्या गजांचं संरक्षण शाबूत आहे. रंग आलाच नाही, तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचं ते संरक्षण जाणं, तिथवर पोहोचलंय. ओतीव लोखंडाचे खांब दाब उत्तम पेलतात, पण ताणाला ठिसूळ. त्यांना वेल्डिंग करू पाहणाऱ्यांना आम्ही आधी थांबवतो.

वास्तुरचनाकार लीना बो बार्डी यांनी ब्राझीलमधल्या साओ पावलोतल्या पिंपांच्या कारखान्याचं सेस्क पॉम्पेइया हे सांस्कृतिक केंद्र केलं. ते १९८२ मध्ये खुलं झालं. कार्यशाळांच्या भिंती त्यांनी छपरापर्यंत नेल्याच नाहीत, जुनी शेड अखंड दिसत राहते. भिंती घालण्याचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक संस्थेला आम्ही तिथले फोटो दाखवतो. झुरिकचं कला विद्यापीठही २०१४ पासून जुन्या दूधप्रक्रिया कारखान्यात आहे.

आता संस्था जागा घेण्याआधीच बोलावतात, हे फार बरं झालं. ॲस्बेस्टॉसचे पत्रे, शिशाचा रंग प्रशिक्षित माणसांकडून काढून घेता येतात. पण जमिनीत रसायनं खोल मुरली असतील आणि ती साफ करायची तयारी नसेल, तर तिथे मुलांचे वर्ग नकोत असं आम्ही स्पष्ट सांगतो, काम हातचं गेलं तरी.